रस्त्याचे वय कसे मोजतात?

माणसाचे वय वर्षांत मोजतात. झाडाचे वय त्याच्या खोडातील वर्तुळे मोजून काढतात. बैलाचे वय दात पाहून सांगणारी जाणती माणसे तुमच्या गावातही असतील. मग रस्त्याचे वय कशावरून काढायचे?

'त्यात काय अवघड आहे? रस्ता २० वर्षांपूर्वी बांधला असेल, तर तो २० वर्षांचा!' असे उत्तर तुम्ही द्याल. परंतु अभियंत्याला हे उत्तर पुरत नाही. माळरानावरचा एखादा रस्ता, जिथून दिवसाकाठी चार-दोन गाड्या जातात, २० वर्षांनीही धडधाकट असतो. उलट मोठ्या महामार्गाचा एखादा तुकडा पाच-सहा पावसाळ्यांतच जर्जर होतो. म्हणजे रस्त्याचे खरे वय कॅलेंडरात सापडत नाही. ते त्याच्यावरून गेलेल्या ओझ्यात, त्याच्यात मुरलेल्या पाण्यात आणि त्याच्यावर दाटलेल्या गर्दीत शोधावे लागते.

हे नीट समजून घेण्यासाठी आपण ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन शेजारी तालुक्यांत जाऊ. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यांतून कोकण आणि देश यांना जोडणारे रस्ते फार जुन्या काळापासून जात आले आहेत. आज तेथे जुना महामार्ग रुंद करण्याचा आणि नवा द्रुतगती महामार्ग जोडण्याचा मोठा उद्योग झाला आहे. जुना रस्ता कधी 'थकला' म्हणायचे, त्याला पुन्हा तरुण कसे करायचे आणि या सगळ्याचा लाभ रस्त्याकडेच्या माणसाला कसा मिळायचा, हे तिन्ही प्रश्न येथे एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.

रांजणापासून टोलनाक्यापर्यंत

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाटाची वाट वर चढते आणि जुन्नर तालुक्यात निघते. ही वाट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहन काळातील आहे. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात दानांच्या संख्या अंकचिन्हांनी लिहिलेल्या असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात त्याला मोठे महत्त्व आहे. माथ्यावरच एक प्रचंड दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणात टाकत, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे रस्ता वापरणाऱ्याने त्याचे मोल द्यावे, ही कल्पना या परिसराला नवी नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई–आग्रा रस्ता शहापूरवरून कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे गेला. या घाटालाच थळ घाट असेही म्हणतात. १८६५ साली कसारा ते इगतपुरी असा रेल्वेमार्गही सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई–आग्रा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला जाऊ लागला. मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता क्रमांक २२२ झाला. आता क्रमांक बदलले आहेत. मुरबाडच्या रस्त्याला ६१ हा क्रमांक मिळाला आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात भिवंडीजवळच्या वडपे गावापासून नाशिकच्या अलीकडील गोंदे गावापर्यंत, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर रस्ता चौपदरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. हे काम 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या तत्त्वावर होते. कंत्राटदाराने स्वतःचा पैसा घालून रस्ता बांधायचा, ठरलेली वर्षे पथकर म्हणजे टोल घेऊन तो वसूल करायचा आणि मुदत संपल्यावर रस्ता सरकारच्या ताब्यात द्यायचा. पडघ्याजवळ टोलनाका उभा राहिला. नाणेघाटातील रांजणाची जागा आता फास्टॅग या चिकटपट्टीने घेतली आहे. फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची झाली. या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राने सोडलेल्या रेडिओ-लहरींतूनच तिला ऊर्जा मिळते आणि त्या ऊर्जेवर ती आपला क्रमांक उलट कळवते.

रस्त्याच्या पोटात काय असते?

आपल्याला रस्ता म्हणजे वरचा काळा थर वाटतो. खरे तर तो घराच्या कौलांसारखा आहे, खालच्या घराला जपणारा. रस्त्याचा उभा छेद घेतला तर सर्वांत खाली दाबून घट्ट केलेली मूळची जमीन किंवा मातीचा भराव दिसतो. त्यावर मुरमाचा किंवा पाणी निचरू देणाऱ्या खडीचा थर असतो. त्यावर लहानमोठ्या आकारांची, एकमेकांत घट्ट बसलेली खडी असते आणि तिच्यावर डांबर व खडीच्या मिश्रणाचे थर असतात.

इतके थर कशासाठी? ट्रकच्या टायरमधील हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सात-आठ पट असतो. जवळजवळ तेवढाच दाब टायर रस्त्याच्या लहानशा तुकड्यावर टाकतो. खालची माती एवढा दाब सोसू शकत नाही. पावसात भिजलेल्या खाचरात पाय टाकला तर तो रुततो, पण फळी टाकून तिच्यावर उभे राहिलात तर रुतत नाही. फळीमुळे तुमचे वजन मोठ्या जागेवर पसरते. रस्त्याचे थर हेच काम करतात. टायरखालचा दाब थरागणिक पसरत जातो आणि मातीपर्यंत पोचेस्तोवर सौम्य होतो. मातीच दबली, तर वर कितीही नवे डांबर ओतले तरी रस्ता पुन्हा खचणारच.

चौथ्या घाताचा हिशेब

आता ओझ्याकडे वळू. जड गाडीने रस्ता जास्त झिजतो हे कोणीही सांगेल. परंतु किती जास्त? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ऑटवा गावाजवळ, १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. त्यासाठी वेगवेगळ्या जाडीचे रस्ते मुद्दाम वाटोळे बांधले आणि त्यांवरून ठरावीक वजनाचे ट्रक सैनिकांकरवी सतत फिरवले. निष्कर्ष असा निघाला, की रस्त्याची झीज ही चाकांच्या आसावर येणाऱ्या भाराच्या साधारणपणे चौथ्या घाताप्रमाणे वाढते.

हे किती विलक्षण आहे ते पाहा. समजा, एका मोटारीचे वजन १,२०० किलो आहे. तिच्या दोन आसांवर ते सारखे वाटले तर एका आसावर ६०० किलो भार येतो. आता ज्याच्या मागील आसावर १०,२०० किलो भार आहे असा ट्रक घ्या. १०,२०० भागिले ६०० म्हणजे १७. भार १७ पट आहे. मग झीज किती पट? १७ चा चौथा घात काढा. १७ × १७ = २८९ आणि २८९ × २८९ = ८३,५२१. ट्रकचा तो एक आस एकदा गेल्याने जेवढी झीज होते, तेवढी व्हायला मोटारीचा आस ८३ हजारांहून अधिक वेळा जावा लागेल!

म्हणून महामार्गाचा आराखडा करणारा अभियंता 'रोज किती गाड्या जातील?' एवढेच विचारून थांबत नाही. 'किती जड आस जातील?' हे तो विचारतो. ८,१६० किलो भाराचा एक प्रमाण आस मानून तो सर्व आसांचे रूपांतर त्यात करतो आणि रस्त्याच्या आयुष्यात असे किती प्रमाण आस जाणार याची बेरीज मांडतो. रस्त्याचे आयुष्य हे त्याच्या खात्यावर टाकलेल्या ठेवीसारखे आहे. प्रत्येक जड आस त्यातून थोडी रक्कम काढून नेतो.

आता एक खरी घटना घ्या. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची कायदेशीर भारमर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका आसावर पूर्वी १०.२ टन भार चाले, तो ११.५ टन झाला. वाढ साधारण आठव्या हिश्श्याची. पण ११.५ भागिले १०.२ या संख्येचा चौथा घात काढा. उत्तर १.६ च्या आसपास येते. जुन्या मर्यादेला धरून २० वर्षांसाठी बांधलेला रस्ता, तेवढ्याच संख्येने पण नव्या मर्यादेपर्यंत भरलेल्या आसांखाली साडेबारा वर्षांत म्हातारा होईल. एका फेरीत जास्त माल जात असल्याने फेऱ्या थोड्या कमी होतात हे खरे. पण त्या काही चौथ्या घाताने कमी होत नाहीत. कॅलेंडर मात्र पूर्वीच्याच गतीने पुढे सरकते.

पाणी : रस्त्याचा दुसरा शत्रू

शहापूर, मुरबाडच्या पावसाबद्दल तुम्हाला काय सांगावे! जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेथे २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे सगळा पाऊस जमिनीवर साचून राहिला तर दारे बुडतील.

उन्हाने आणि हवेतील ऑक्सिजनने डांबर हळूहळू कडक होते. कडक झालेले डांबर ओझ्याखाली लवण्याऐवजी तडकते. अशा बारीक भेगेत पाणी शिरते. पाणी दाबले तरी त्याचे आकारमान कमी होत नाही. त्यामुळे वरून टायर गेला की भेगेतील पाणी जोराने आत घुसते आणि टायर पुढे गेला की बाहेर ओढले जाते. दिवसातून हजारो वेळा हा पिचकारीसारखा खेळ चालतो. खडीवरचे डांबर सुटते, खडी मोकळी होते, खालची माती चिखल होऊन वर येते आणि एके दिवशी तेथे खड्डा दिसतो. खड्डा एका रात्रीत पडला असे आपण म्हणतो, पण त्याची तयारी कित्येक महिने चाललेली असते.

सुदैवाने आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, डांबराला चांगला धरून ठेवतो. ग्रॅनाइटसारख्या सिलिका जास्त असलेल्या दगडापेक्षा त्याच्यावरील डांबर पाण्याने कमी सुटते. तरीही पाणी साचू देणे कधीच परवडत नाही. म्हणून रस्ता मधोमध किंचित उंच ठेवतात, कडेला गटार खणतात आणि ओढ्या-नाल्यांवर मोऱ्या बांधतात.

जुना रस्ता रुंद करताना येथेच खरी परीक्षा असते. रस्ता दुप्पट रुंद केला, तर त्याखालच्या मोऱ्याही तेवढ्या लांब करायला हव्यात. एखादी मोरी अरुंद राहिली किंवा भरावाखाली गाडली गेली, तर डोंगराकडून येणारे पाणी रस्त्याच्या वरच्या अंगाला तुंबते आणि खालच्या अंगाची खाचरे कोरडी पडतात. शिवाय जुना भराव अनेक वर्षे दबून घट्ट झालेला असतो, तर शेजारी टाकलेला नवा भराव अजून बसायचा असतो. दोघांच्या सांध्यावर लांबलचक भेग पडू शकते. ती पडू नये म्हणून जुन्या भरावाच्या उतारावर पायऱ्या कापतात आणि नवा भराव थराथराने त्या पायऱ्यांत बसवून दाबतात. गवंडी नवी भिंत जुन्या भिंतीत दात सोडून गुंफतो, तसाच हा प्रकार.

तांब्याचे तोंड

समजा, रस्ता भक्कम आहे, एकही खड्डा नाही. तरीही तो अपुरा पडू शकतो. कसा ते पाहू. सुरक्षित अंतर ठेवायचे तर पुढच्या आणि मागच्या गाडीत निदान दोन सेकंदांचा अवकाश हवा. एका तासात ३,६०० सेकंद असतात. म्हणजे एका पदरावरून तासाला फार तर १,८०० गाड्या जातील. वेग वाढवला तरी हा आकडा फारसा वाढत नाही, कारण वेगाबरोबर दोन गाड्यांतील अंतरही वाढवावे लागते.

आता एका दिशेला तीन पदर असलेला रस्ता पुढे दोन पदरांचा झाला तर? तिकडून तासाला ५,४०० गाड्या येऊ शकतात, इकडून ३,६०० च जाऊ शकतात. उरलेल्या १,८०० गाड्या थांबून राहणार. थांबलेल्या प्रत्येक गाडीला ८ मीटर जागा धरली आणि त्या दोन रांगांत उभ्या केल्या, तर तासाभरात ७ किलोमीटरहून लांब रांग लागेल! पाण्याने भरलेला तांब्या उपडा केला तर पाणी किती वेगाने पडेल हे त्याच्या पोटावर अवलंबून नसते, तोंडावर अवलंबून असते. रस्त्याचेही तसेच आहे. सर्वांत अरुंद जागा साऱ्या रस्त्याची क्षमता ठरवते.

म्हणूनच वडपे ते ठाणे या सुमारे २४ किलोमीटरच्या तुकड्याचे महत्त्व फार. नाशिककडून आणि नव्या द्रुतगती मार्गावरून आलेली वाहने मुंबईत शिरताना येथेच एकत्र येतात. हा तुकडा आठ पदरी करून दोन्ही बाजूंना सेवा रस्ते देण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले, ते याच कारणाने. मात्र रुंदीकरणाने प्रश्न कायमचा सुटतो असेही समजू नका. रस्ता मोकळा झाला की पूर्वी आगगाडीने जाणारे लोक मोटारी काढतात, कडेला नवी गोदामे उभी राहतात आणि काही वर्षांत गर्दी पुन्हा वाढते. हा अनुभव जगातील अनेक शहरांनी घेतला आहे.

घाट चढायला किती डिझेल लागते?

शहापूर तालुक्याच्या ईशान्य टोकाला कसाऱ्याचा घाट आहे. कसारा आणि इगतपुरी यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. ४० टनांचा एक ट्रक एवढा उंच उचलायला किती ऊर्जा लागेल? वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे ४०,००० × ९.८ × ३०० = सुमारे ११ कोटी ७६ लाख जूल. एक लिटर डिझेल जळल्यावर साधारण ३ कोटी ६० लाख जूल ऊर्जा देते, पण इंजिन त्यातील तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचवते असे समजू. म्हणजे नुसत्या चढण्यासाठी जवळजवळ १० लिटर डिझेल!

उतरताना काय होते? तेवढीच ऊर्जा आता परत मिळते आणि ती कोठेतरी घालवावी लागते. चालकाने सतत ब्रेक दाबून ती घालवायची ठरवली, तर तिची उष्णता होते. ३० अंश सेल्सिअसचे ४०० लिटर पाणी उकळीला यावे एवढी ही उष्णता आहे. ती सगळी ब्रेकच्या काही किलो लोखंडात जमा झाली तर ब्रेक तापून निकामी होतात. घाटात 'ब्रेक निकामी होऊन अपघात' अशी बातमी आपण वाचतो, तिच्यामागचे भौतिकशास्त्र हे आहे. खालचा गिअर टाकून उतरा, असे फलक घाटात लावलेले असतात ते म्हणूनच. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच चाकांना रोखते आणि बरीच ऊर्जा तेथे खर्ची पडते.

घाटाचा चढ सौम्य करायचा तर अंतर वाढवावे लागते. ३०० मीटरची उंची २० मीटरला १ मीटर या चढाने गाठायला ६ किलोमीटर पुरतात. रेल्वेला एवढा चढ झेपत नाही. थळ घाटात तिचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर आहे आणि तरीही गाडीला ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. ५० मीटरला १ मीटर असा सौम्य चढ हवा असेल तर १५ किलोमीटर लागतील. डोंगर काही आपल्या सोयीने इतका सरळ उतरत नाही. म्हणून कोठे त्याच्या पोटातून बोगदा काढावा लागतो, तर कोठे दरीवरून उंच पूल न्यावा लागतो.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गावर हेच केले आहे. ७०१ किलोमीटर लांबीचा हा सहापदरी द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर इगतपुरी ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. शेवटच्या टप्प्यातच इगतपुरी आणि कसारा यांच्यामध्ये जवळजवळ ८ किलोमीटर लांबीचे दोन जोडबोगदे आहेत, एका दिशेला एक. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचीही गोष्ट अशीच आहे. तो २००२ मध्ये पूर्ण झाला, पण खंडाळ्याच्या घाटात त्याचा गळा आवळला जाऊ लागला. तेव्हा तेथेही खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा नवा जोडमार्ग बोगद्यांतून आखावा लागला.

या कामाची एक किंमत आकड्यांत मोजता येणार नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यातील सरळांबे गावाजवळ समृद्धीच्या पुलावर तुळया बसवणारे प्रचंड यंत्र कोसळले आणि २० कामगार मृत्युमुखी पडले. शेकडो टनांची तुळई उंच खांबांवर सरकवताना तिचा तोल प्रत्येक क्षणी सांभाळावा लागतो. एक आधार सुटला की सगळे ओझे दुसऱ्यावर येते. बोगद्यातून आठ-दहा मिनिटांत पलीकडे जाताना या माणसांची आठवण ठेवायला हवी.

रस्ता कोणाला चढता येतो?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मोठे रस्ते बांधले की उद्योग वाढतात, माल लवकर पोचतो आणि रोजगार मिळतो. हे खरे आहे, आणि भिवंडीपासून पडघ्याकडे पसरलेली गोदामे त्याची साक्ष देतात. पण हा लाभ रस्त्याच्या दोन्ही कडांना सारखा पाझरतो का?

साध्या रस्त्यावर आणि द्रुतगती मार्गावर एक मोठा फरक आहे. साध्या रस्त्यावर कोणत्याही बांधावरून चढता येते. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असते आणि ठरावीक ठिकाणीच शिरता येते. वेग आणि सुरक्षितता यांसाठी ते आवश्यकच आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीसमोर बैलगाडी आली तर काय होईल, याची कल्पना करा. शेवटच्या टप्प्यात शहापूर तालुक्याला खुटघर येथे समृद्धीवर चढण्या-उतरण्याची सोय आहे. पण दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना तेथे प्रवेश नाही. भात काढल्यावर भेंडी, काकडी पिकवणारा शेतकरी आपली टोपली बहुधा मोटारसायकलवर किंवा तीनचाकी टेम्पोवरच आणतो. त्याच्या शेताला लागून महामार्ग जात असला, तरी त्याच्यासाठी तो अजून दूरच आहे. या मार्गासाठी जमिनी घेताना शहापूर तालुक्यातील अनेक शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला होता, त्यामागे जमीन जाण्याच्या दुःखाबरोबर ही शंकाही होती.

शहापूरकरांना ही शंका यावी, याला जुना अनुभव आहे. याच तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. वैतरणा आणि भातसा यांचेही पाणी जाते. मोठमोठे नळ गावांच्या कडेने जातात आणि तरीही दर उन्हाळ्यात तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. नळाला आपल्या गावात तोटी नसेल, तर तो कितीही मोठा असला तरी आपली तहान भागवत नाही. रस्त्याला चढायला वाट नसेल, तर त्याचेही तसेच.

यावर उपाय विज्ञानात आणि नियोजनात आहे. मोठ्या रस्त्याला पोचवणारे लहान रस्ते तितकेच भक्कम हवेत. शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे. रेल्वे न पोचलेल्या मुरबाडला तो एका बाजूने नाशिकच्या आणि दुसऱ्या बाजूने पुण्याच्या रस्त्याशी जोडतो. अशा रस्त्यांची डागडुजी आणि निचरा ही मोठ्या बोगद्याइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. महामार्गाखालून जाणारे भुयारी रस्ते पावसात तुंबणार नाहीत इतके उंच हवेत. नाहीतर शाळा एका बाजूला आणि पाडा दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती होते. चढण्याच्या जागेजवळ भाजी निवडायला आणि थंड ठेवायला जागा असेल, तर चार शेतकऱ्यांच्या टोपल्या एका ट्रकात जातील.

आणि टोल? मघाचा चौथा घात आठवा. ट्रक मोटारीच्या हजारो पट झीज करतो, पण टोल मात्र काही पटच जास्त देतो. हे अन्याय्य वाटेल. पण ट्रकवर झिजेच्या प्रमाणात टोल लावला तर त्यातील कांदा, औषधे, पुस्तके सारेच महागेल आणि तो खर्च शेवटी आपल्याच खिशातून जाईल. शिवाय बोगदा, पूल, जमीन यांचा खर्च झिजेवर अवलंबून नसतो. मोटारही तेथे जागा अडवतेच. मग वाटणी कशी करावी? हा प्रश्न तुमच्या वर्गात चर्चेला घ्या. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

तुम्हीच मोजा

शिक्षकांच्या सोबतीने एक प्रयोग करा. शाळेच्या आवारातून किंवा पादचारी पुलावरून, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून, १५ मिनिटे वाहने मोजा. मोटारी आणि ट्रक यांचे वेगळे रकाने करा. ट्रकचे आसही मोजा. मोटारीच्या आसाला ६०० किलो आणि ट्रकच्या प्रत्येक आसाला, सोयीसाठी, ६,००० किलो भार धरा. ६,००० म्हणजे ६०० च्या १० पट, आणि १० चा चौथा घात १०,०००. आता एकूण झिजेत मोटारींचा वाटा किती आणि ट्रकचा किती ते काढा. उत्तर पाहून तुम्ही चकित व्हाल.

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की शाळेजवळच्या रस्त्याची दुसरी पाहणी करा. पाणी कोठे साचते, कोणती मोरी तुंबली आहे, पहिली भेग कोठे दिसते, हे एका नकाशावर टिपा. पाऊस संपल्यावर पुन्हा तेथेच जा आणि खड्डे कोठे पडले ते पाहा. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून ताडून पाहा आणि शक्य असेल तर ग्रामपंचायतीला नेऊन दाखवा. तुंबलेली मोरी वेळीच मोकळी झाली, तर तुमच्या शाळेच्या रस्त्याचे आयुष्य काही वर्षांनी नक्की वाढेल.